प्रश्न विचारणाऱ्या राजाचं कॉलेज

बालमित्रांनो, लढाया जिंकणाऱ्या राजांची नावं आपण रस्त्यांना देतो, शाळांना देतो. पण प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव एखाद्या कॉलेजला दिलेलं तुम्हांला ठाऊक आहे? असं कॉलेज आपल्या छत्रपती संभाजीनगरातच आहे, बरं का! मिलिंद महाविद्यालय.

मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. सुमारे २१०० वर्षांपूर्वी तो वायव्य भारतात राज्य करत होता. त्याला प्रश्न विचारायचा भारी नाद! शेवटी त्याला भेटले भिक्षू नागसेन. त्यांनी आधीच विचारलं, "राजा, तू पंडितासारखा बोलणार की राजासारखा?" म्हणजे काय? तर पंडितांच्या चर्चेत कुणाची चूक निघाली तरी कुणी रागावत नाही. राजाचं मात्र तसं नसतं. विरोध केला की शिक्षा! मिलिंदाने पंडितासारखं बोलायचं कबूल केलं. या दोघांचे सवाल-जवाब 'मिलिंदपञ्ह' नावाच्या पाली ग्रंथात आहेत.

हे कॉलेज १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केलं. तेव्हा या शहराचं नाव होतं औरंगाबाद, आणि मराठवाडा होता हैदराबाद राज्यात. निजामाची राजवट संपून जेमतेम दोन वर्षं झालेली. मराठवाड्यातली कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. गावाबाहेरच्या त्या माळाला बाबासाहेबांनी नाव दिलं नागसेनवन. राजाचं नाव कॉलेजला, तर गुरूचं नाव परिसराला!

इथे खेड्यापाड्यांतली मुलं यायला लागली. पुष्कळांच्या घरात आधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. स्वतः बाबासाहेब लहानपणी साताऱ्याच्या शाळेत होते, तेव्हा त्यांना वर्गात वेगळं बसावं लागे. बसायचं गोणपाटसुद्धा घरून न्यायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी! ज्याला असं दूर बसवलंय, तो चार जणांत तोंड कसं उघडणार?

म्हणून नुसते वर्ग आणि पुस्तकं पुरणार नव्हती. वसतिगृह हवं होतं, एकत्र राहणं हवं होतं, स्नेहसंमेलन हवं होतं. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं. युगानुयुगं दूर ठेवलेल्या माणसांचं दुःख त्यात होतं. १९५५ साली ते मिलिंद महाविद्यालयात बाबासाहेबांसमोर सादर झालं. विचार करा, ज्यांना गावात गप्प बसवलं जाई, त्यांचं म्हणणं रंगमंचावरून मोठ्या आवाजात ऐकू येत होतं! पुढे इथल्याच प्राध्यापकांच्या पुढाकाराने 'अस्मितादर्श' हे नियतकालिक निघालं आणि दलित साहित्याला हक्काचं घर मिळालं. १९५८ साली शेजारीच मराठवाडा विद्यापीठ आलं. एकेकाळचा माळ गजबजून गेला.

आता तुमच्या वर्गाकडे बघू या. दिवाळीनंतर काही मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. चार-सहा महिन्यांनी परत येतात आणि गुपचूप शेवटच्या बाकावर बसतात. बाईंनी विचारलं तरी मान खाली. आपण म्हणतो, "तो बोलतच नाही!" पण त्याच्याशी कोण कोण बोललं, हे आपण मोजतो का? डबा खाताना त्याला गोलात घेतलं का? त्याने चुकीचं उत्तर दिलं तेव्हा आपण फिदीफिदी हसलो का? हसलो असू, तर आपण त्या वेळी 'राजा' झालो होतो, नाही का?

आईबाबांनाही एक सांगणं. मूल घरी आलं की "किती मार्क पडले?" हे आपण विचारतोच. जोडीला "आज डबा कुणाबरोबर खाल्ला?" हेही विचारत चला. उत्तर दोन-तीन दिवस "एकट्यानेच" असं आलं, तर शाळेत येऊन बाईंना जरूर भेटा.

मुलांनो, या आठवड्याचा उद्योग सोपा आहे. वर्गातल्या सगळ्यांत कमी बोलणाऱ्या मुलाला किंवा मुलीला एक प्रश्न विचारायचा. गृहपाठाचा नको हं! "तुमच्याकडे कोणता खेळ खेळतात?" असा काहीतरी. मग उत्तर संपेपर्यंत मधे बोलायचं नाही. पंडितासारखं ऐकायचं!