ॲपवर नोंद नाही, म्हणजे नुकसान झालेच नाही?

तामलवाडी, काटी, सावरगाव, सुरतगाव, माळुंब्रा, सांगवी आणि भोवतालच्या वाड्या-वस्त्यांवरच्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

आपल्या तामलवाडीचे नाव बाहेरच्या माणसाला माहीत असते ते टोलनाक्यामुळे. फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला. गाडी नाक्याखाली येते, काचेवरचा टॅग वाचला जातो, पैसे कटतात आणि नाका ओलांडून पुढे जाईपर्यंत मोबाइलवर मेसेज येतो. पाऊस असो, वीज गेलेली असो, रात्रीचे दोन वाजलेले असोत, यंत्र आपले पैसे घ्यायला कधी चुकत नाही. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारा भक्त तेवढा या रस्त्यावर बिननोंदीचा उरला आहे. बाकी कोण, कधी, कुठल्या गाडीतून गेले, सगळे कुठेतरी साठते आहे.

हेच यंत्र आपल्याला पैसे द्यायची वेळ आली की काय करते, ते या धाराशिव जिल्ह्याइतके कोणी पाहिलेले नाही. ऑक्टोबर 2020 ची अतिवृष्टी आठवा. काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंज्या पाण्यात तरंगत होत्या, उभ्या पिकाच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते. बांध फुटले, माती वाहून गेली. तेव्हाचे मुख्यमंत्री काटगाव-अपसिंग्यापर्यंत येऊन पाहून गेले. महसूल आणि कृषी खात्याने पंचनामे केले, सरकारने अनुदानही वाटले. म्हणजे नुकसान झाले हे सरकारी कागदावर होते. पण विमा कंपनीने, बजाज अलियान्झ जनरल इन्शुरन्सने, बोट ठेवले एका अटीवर: नुकसान झाल्यापासून 72 तासांच्या आत आम्हाला कळवले का? ॲपवरून, टोल फ्री नंबरवरून, बँकेतून, कृषी कार्यालयातून, कसेही; पण 72 तासांत. ज्यांची नोंद कंपनीकडे दिसली अशा 72 हजारांच्या आसपास शेतकऱ्यांना पैसे मिळाले. उरलेल्या साडेतीन लाखांना सांगण्यात आले की तुमची पूर्वसूचना नाही.

कोरोनाचे दिवस होते. शिवारात गुडघाभर चिखल, लाइट नाही, टॉवर बंद, मोबाइल चार्ज नाही, आणि टोल फ्री नंबर लागला तर नुसती रिंग जाणार. अशा वेळी ज्याने पाण्यातून जनावरे सोडवली, त्याने आधी ॲप उघडून फोटो चढवायला हवा होता, असा कंपनीचा युक्तिवाद. एवढा निर्लज्जपणा सावकारालाही जमला नसता. तो निदान बांधावर येऊन पीक बघून जायचा.

शेतकरी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. 6 मे 2022 रोजी निकाल लागला: 3,57,287 शेतकऱ्यांना सहा आठवड्यांत भरपाई द्या; कंपनीने दिली नाही तर राज्य सरकारने द्यावी. कंपनी सर्वोच्च न्यायालयात धावली. तिथे तिला 200 कोटी रुपये जमा करायला लावले आणि शेवटी तिथेही तिची डाळ शिजली नाही. तरी पैसे सरळ हातात पडले का? 2022 च्या दिवाळीत आमदार कैलास पाटलांना धाराशिवमध्ये उपोषणाला बसावे लागले. सोयाबीन 2020 मध्ये कुजले आणि त्याचे पैसे दोन वर्षांनंतरही भांडून मागावे लागले. हप्ता मात्र मुदतीच्या एक दिवस उशिरा भरलेला चालला असता का, हे ज्याचे त्याने आठवावे.

हा जुना उकिरडा आज उकरायचे कारण आहे. ते 72 तास परत येत आहेत. 2025 च्या खरिपात राज्याने वैयक्तिक नुकसानीची तक्रारच विमा योजनेतून काढून टाकली आणि सगळे पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळाच्या सरासरीवर सोपवले. सोयाबीनच्या हिशोबात उपग्रहावरून काढलेल्या अंदाजालाही वाटा आहे. आता केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केले की खरीप 2026 पासून रानटी जनावरांनी केलेले नुकसान विम्यात येणार. रानडुकरांनी भुईमूग नांगरून काढलेला ज्याने पाहिला आहे, त्याला ही चांगली बातमी वाटेल. अट वाचा: 72 तासांच्या आत, पीक विमा ॲपवर, जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवणारा फोटो चढवून. पाच वर्षांत आपण दोन न्यायालये जिंकलो आणि फिरून त्याच ॲपच्या दारात उभे राहिलो.

तंत्राला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण या पत्रकाची पहिली टिंगल तीच होणार आहे. सातबारा ऑनलाइन निघतो, आठ-अ साठी तलाठ्याच्या मागे हेलपाटे कमी झाले, फेरफार कुठे अडकला ते दिसते; हे चांगलेच झाले. ज्यांनी चिरीमिरी दिली आहे त्यांना त्याची किंमत कळते. वाद वेगळा आहे. नोंद कोणाच्या हातात आहे, आणि तिचा पुरावा कोणाच्या खिशात?

सेवा केंद्रात जाऊन बघा. खरिपाच्या शेवटच्या तारखेला दारात चपलांचा ढीग, आत एक संगणक, एक अंगठ्याचे यंत्र आणि टेबलाखाली आधार कार्डांच्या झेरॉक्सचा गठ्ठा. त्या गठ्ठ्याचे पुढे काय होते ते कोणी विचारत नाही. पोरगा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणतो, "मामा, ओटीपी सांगा." मामांचा आधारला जोडलेला नंबर मुलाचा आहे, मुलगा पुण्यात कंपनीत शिफ्टवर आहे. मग मामा त्याला फोन लावतात, तो सुपरवायझरची नजर चुकवून सहा आकडे सांगतो, मामा ते मोठ्याने म्हणतात आणि सगळी रांग ऐकते. हिला सरकारी भाषेत संमती म्हणतात. कशाला संमती दिली ते मामांनी वाचलेले नाही, मुलाने वाचलेले नाही आणि भरणाऱ्या पोरानेही वाचलेले नाही. मामांच्या हातात पावती आली तर आली, प्रिंटरमध्ये शाई नसेल तर "मोबाइलवर येईल."

या संमतीच्या जोरावर काय काय उभे राहिले ते पाहा. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी. त्यानंतर ॲग्रीस्टॅक: शेतकऱ्याचा अकरा आकडी क्रमांक, त्याला जोडलेले आधार, सातबारा, शेताचा नकाशा आणि प्रत्येक हंगामात काय पेरले त्याची नोंद. 15 एप्रिल 2025 पासून महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा झाला. एकाच ठिकाणी एवढी माहिती कोणाला हवी असते? बँकेला, बियाणे-खत कंपनीला, विमा कंपनीला, शेतमाल खरेदी करणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याला. काटी-सावरगावच्या पट्ट्यात यंदा द्राक्षे किती, किती बागा कर्जात आहेत, कोणाला पैशाची निकड आहे, हे ज्याला बांधावर न येता कळेल, तो भाव ठरवताना दया दाखवेल अशी कोणाची समजूत असेल तर ती त्याने खुशाल बाळगावी. ही शंका हवेतली नाही. 2021 मध्ये केंद्राच्या कृषी मंत्रालयाने या कामासाठी मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, पतंजलीची संस्था यांच्याशी करार केले, तेव्हा माहिती संरक्षणाचा कायदाच देशात नव्हता. शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या आणि खासगीपणाच्या हक्कावर काम करणाऱ्या 55 संघटनांनी तेव्हाच लेखी हरकत घेतली होती.

मग कायदा आला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमुखाने सांगितले. त्यानंतर सहा वर्षांनी, 2023 मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. नाव ऐकून हायसे वाटते. कलमे वाचली की वाटत नाही. अनुदान, लाभ, दाखला, परवाना देण्यासाठी सरकार आधीच आपल्या दप्तरी असलेली डिजिटल माहिती नव्याने संमती न घेता वापरू शकते. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे आणि ती कोणाला दिली, हे विचारण्याचा हक्क आहे. पण तो संमतीवर घेतलेल्या माहितीपुरता. आपली माहिती फुटली तर कंपनीला 250 कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो जमा होणार सरकारी तिजोरीत. ज्याचे खाते रिकामे झाले त्याला या कायद्याखाली भरपाईचा एक रुपया नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात भरपाईचे जे कलम होते तेही याच कायद्याने रद्द करायचे ठरवले आहे. आणि आपण खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असे ठरले तर आपल्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड. घर आपले फुटायचे, दंड सरकारने खायचा आणि ओरडलो म्हणून फटकाही आपल्यालाच!

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती गावात कोणाच्या कानावर आलेली दिसत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये या कायद्याचे नियम निघाले. आपले हक्क देणारी कलमे लागू व्हायला दीड वर्षाची मुदत ठेवली. पण माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती करणारे कलम लगेच लागू केले. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे दोन शब्द लिहून अधिकारी अर्ज परत करू शकतो. पूर्वी त्या कलमातच तोलून पाहायची सोय होती: माहिती जनहिताची असेल तर द्या. आता ती दुसऱ्या, सर्वसाधारण कलमाच्या भरवशावर उरली आहे, आणि ती मिळवायला आयुक्तांपर्यंत चपला झिजवा.

याचा आपल्या बांधाशी संबंध काय? एक रुपयात पीक विमा होता तेव्हा राज्यभर दुसऱ्याच्या गटावर, सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर परस्पर विमे भरले गेले. लाखोंच्या संख्येने अर्ज बाद करावे लागले, आणि शेवटी योजनाच बंद करून खरिपाला दोन टक्के हप्ता पुन्हा आपल्या माथी मारला. चोरी करणारे सुटले, भुर्दंड आपल्याला. उद्या तुमच्या गट नंबरवर कोणी विमा उचलला का, अनुदान कोणाच्या खात्यात गेले, हे तुम्ही विचारायला गेलात तर उत्तर मिळेल की ती त्या व्यक्तीची खासगी माहिती आहे. शेतकऱ्याचा खासगीपणा रांगेत ओटीपीसोबत ओरडून सांगायचा आणि चोराचा खासगीपणा कायद्याच्या कुलपात ठेवायचा, असा हा कारभार आहे.

कोणी म्हणेल, एवढे नको असेल तर नोंद करू नका, सक्ती कोणाची आहे? हाच प्रश्न व्हॉट्सॲपनेही 2021 मध्ये देशाला विचारला होता: नवी धोरणे मान्य करा, नाहीतर ॲप सोडा. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये त्याबद्दल व्हॉट्सॲपच्या मालक मेटा कंपनीला 213 कोटींवर दंड ठोठावला, कारण 'घ्या नाहीतर सोडा' याला मोकळी संमती म्हणत नाहीत. व्हॉट्सॲप सोडून दुसरे ॲप तरी घेता येते. शेतकरी क्रमांक नको म्हणणाऱ्याने विमा, अनुदान आणि अतिवृष्टीची मदत कोणत्या दुसऱ्या सरकारकडून घ्यायची?

आता काय करायचे. वैयक्तिक पातळीवर थोडेच हातात आहे, पण तेवढे तरी करा. आधारची बायोमेट्रिक कुलूपबंद करण्याची सोय आहे. अंगठ्यावरून खात्यातले पैसे उचलले गेल्याचे प्रकार ऐकून हळहळण्यापेक्षा घरातल्या शिकलेल्या पोरीला ते करायला लावा. झेरॉक्स द्यावी लागली तर पहिले आठ आकडे झाकलेले आधार काढून द्या. नुकसान झाले की फोटो काढाच, पण त्याच दिवशी साध्या कागदावर अर्ज लिहून कृषी कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. कंपनी ॲपची भाषा बोलते. न्यायालयाला कागद कळतो, हे 3,57,287 जणांच्या खटल्यात आपण पाहिले आहे.

खरे काम ग्रामसभेचे. 1 मेच्या ग्रामसभेत, म्हणजे खरिपाच्या पेरणीआधी, प्रत्येक गावाने ठराव घ्यावा: विमा आणि शेतकरी क्रमांकाच्या प्रत्येक नोंदीची छापील मराठी पावती सेवा केंद्राने जागेवर द्यावी, गावातल्या कोणत्या गटावर कोणाच्या नावे विमा उतरवला त्याची यादी चावडीवर लागावी, ॲप बंद होते किंवा रेंज नव्हती अशा काळात 72 तासांचे घड्याळ थांबलेले धरावे आणि महसूल खात्याचा पंचनामा हीच पूर्वसूचना मानावी, आमच्या शेताची माहिती कोणत्या बँकेला, कोणत्या कंपनीला दिली ते जिल्हाधिकाऱ्यांनी दर हंगामात लेखी जाहीर करावे. सरपंचांनी टाळाटाळ केली तर ग्रामस्थांनी विषय मांडावा, तो हक्क आहे. ठरावाची नक्कल ग्रामसेवकाच्या सही-शिक्क्यासह त्याच आठवड्यात मागून घ्या, तुळजापूर तहसीलच्या आवकमध्ये स्वतः नेऊन द्या, आणि पोच हातात पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

— तामलवाडी शिवारातील एक शेतकरी
(हे पत्रक वाचून झाल्यावर शेजारच्या वस्तीवर द्यावे. झेरॉक्स काढून वाटण्यास कोणाची परवानगी लागत नाही.)