आधी पिल्लाची भीती काढा

ससेपालनाच्या शेडमध्ये पिल्लू महिना-सव्वा महिन्याचे झाले, की एकाच सकाळी त्याच्यावर सगळे येऊन कोसळते. आईपासून तोडतात, कान धरून उचलतात, अनोळखी पिल्लांत नेऊन सोडतात आणि त्याच दिवशी खाद्यही बदलतात. आठवड्याभरात हगवण लागते, पोट टम्म फुगते. मग दोष पाण्याला, नाहीतर ओल्या चाऱ्याला. पिल्लू घाबरले होते, हे कुणाच्या मनातही येत नाही.

सशाचे पोट त्याच्या जिवाणूंच्या भरवशावर चालते. आंधळ्या आतड्याच्या भल्या मोठ्या पिशवीत ते चोथा आंबवतात, ब जीवनसत्त्वे तयार करतात. तिथला माल द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ लेंड्या होऊन बाहेर येतो, आणि ससा मान वळवून त्या थेट तोंडात घेतो. पोटचे पुन्हा पोटात, असा हा हिशेब. ससा घाबरला, की रक्तात अ‍ॅड्रेनलिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन उसळते. आतडे मंदावते, खाणे सुटते, माल तुंबतो. चोथ्यावर जगणारे जिवाणू उपाशी पडतात आणि क्लॉस्ट्रिडियमसारख्या विषारी जातींना रान मोकळे मिळते. काही जिवाणूंना तर ही संप्रेरके थेट मानवतात. नॉरअ‍ॅड्रेनलिन मिळाले की ई. कोलायसारखे जिवाणू जोमाने वाढतात, हे मार्क लाइट यांनी १९९२ मध्येच प्रयोगशाळेत दाखवले. रक्तातल्या प्रथिनाने घट्ट धरून ठेवलेले लोह त्यांना या संप्रेरकामुळे सुटून मिळते, हे पुढे कळले.

अशा वेळी घरातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी पाण्यात विरघळवून पाजणे फार घातक. अ‍ॅम्पिसिलिन किंवा लिंकोमायसिन तोंडावाटे गेले, तर उरलेसुरले चांगले जिवाणूही मरतात आणि निव्वळ त्या औषधाने ससा दगावू शकतो. पशुवैद्याला विचारल्याशिवाय काही देऊ नये.

आपल्याकडे वर उन्हाळाही आहे. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो. तापलेल्या पत्र्याखाली चैत्र-वैशाखात पिल्ले तोडणे आणि टेम्पोत भरून बाजाराला नेणे हा त्यांचा छळच आहे. ही कामे पहाटेच्या गारव्यात करावीत. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली. वाळले गवत सदैव समोर असावे, नवे खाद्य जुन्यात मिसळत आठ-दहा दिवसांत बदलावे. आणि तोडायच्या दिवशी पिंजऱ्यातून आईला हलवावे; पिल्लांना त्यांच्या ओळखीच्या वासात, आपल्या भावंडांत राहू द्यावे.