जागेचा कस पाहून नाच



जमिनीचा कस पाहून पीक घ्या, हे आम्ही विस्तार खात्याची माणसे वर्षानुवर्षे सांगत आलो. नाचालाही तोच नियम लागू आहे म्हटले तर तुम्ही हसाल. पण सुगी आटोपली की गावोगावी तरुण मंडळांचे कार्यक्रम सुरू होतात आणि जुन्या देवळात, गढीवर नाच बसवायची मुलामुलींना हौस असते. म्हणून आज थोडे त्याविषयी.

शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी खिद्रापूरला कोपेश्वराचे देऊळ आहे, शिलाहारांच्या काळातले. त्याच्या स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही. वर गोल आभाळ, खाली मोठी गोल शिळा, भोवती बारा खांबांचे रिंगण. कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र जवळजवळ माथ्यावर येतो आणि चांदणे शिळेवर उतरते.

अशा ठिकाणी शहरातल्या रंगमंचावरचा नाच जसाच्या तसा आणला, तर देऊळ नुसते पडद्यासारखे मागे उभे राहते. नाच त्या जागेतूनच उगवला पाहिजे. मंडप गोल आहे, तेव्हा लेझमीच्या लांब रांगा तिथे अडखळतील. झिम्मा, फुगडी, रिंगण शोभेल. बघणारे चहूबाजूंनी बसणार, म्हणून एकाच दिशेला तोंड करून नाचून चालणार नाही. दगडी फरशी पावलाखाली दबत नाही. उंच उड्या मारल्या तर गुडघे धरतात. पाऊल जमिनीलगतच ठेवावे. दगडी खांबांत ढोल घुमतो, लय जलद धरली तर ठेक्यात ठेका मिसळतो. लय सावकाश हवी, आणि कर्णा तर नकोच.

हे सारे घरी बसून सुचत नाही. सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला जागेवर जाऊन बसावे. ऊन कुठून येते, सावली कुठे सरकते ते पाहावे. दोन खांबांमधले अंतर पावलांनी मोजावे. पालखी कोणत्या वाटेने जाते हे जाणत्यांना विचारावे.

आता दगडाची काळजी. खिद्रापूरचे देऊळ संरक्षित स्मारक आहे. तिथली नेहमीची पूजाअर्चा वेगळी. करमणुकीच्या कार्यक्रमाला मात्र पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. ज्या देवळाला असे संरक्षण नाही, तिथे तर आपणच राखणदार. खिळा ठोकू नये, खांबाला दोर बांधू नये, कोरीवकामावर गुलाल उधळू नये, मशालीची काजळी लागू देऊ नये. आठशे वर्षे टिकलेल्या मूर्तीचे बोट एका धक्क्याने तुटते आणि ते पुन्हा उगवत नाही.

मध्य प्रदेशात खजुराहोला १९७५ पासून नृत्य महोत्सव भरतो. तो पुढे देवळांच्या आवाराबाहेर न्यावा लागला आणि २०२१ साली, ४४ वर्षांनी, पुन्हा आत आला. एवढ्या नामांकित महोत्सवालाही जुन्या देवळांपुढे मागे सरावे लागते. मग आपण एका रात्रीच्या हौसेसाठी हट्ट का धरावा?

तेव्हा यंदा मुलांना घेऊन आपल्या गावच्या देवळात जा. खांब किती, फरशी कुठे खचली, आवाज कुठे घुमतो, हे त्यांच्याकडूनच वहीत लिहून घ्या. नाच त्यानंतर बसवा.