उकाडा, झोप आणि मोकळी जागा



मे महिन्यात आमच्या जळगावच्या दवाखान्यात सकाळी येणाऱ्या ज्येष्ठांची तक्रार बहुधा एकच असते : रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पारा 45 अंशांकडे गेलेल्या दिवशी सिमेंटचा स्लॅब ऊन शोषून घेतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत ती धग खोलीत सोडत राहतो. उतारवयात तहान उशिरा जाणवते, घामही कमी येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी अधिकच घटते. मग मुले काळजीपोटी एसी बसवतात. मी त्यांना अडवत नाही. तीव्र उष्म्यात तो जीव वाचवतो. मात्र त्याची वीज बरीचशी कोळशाची असते. (भुसावळजवळच्या दीपनगरच्या चिमण्या आपल्या परिचयाच्या आहेतच.) शिवाय त्याची गरम हवा शेजारच्या खिडकीशी जाते, ती वेगळीच.

या दुखण्याचे मूळ वसाहतीच्या आखणीतही आहे. धुळ्याचा नवा भाग कॅप्टन ब्रिग्ज यांनी 1819 मध्ये वसवायला घेतला. धुळ्यातील क्रमांकाच्या गल्ल्यांत आजही किराणा, औषधे, देऊळ पायी गाठता येते. शहराबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये मात्र दुधाच्या पिशवीसाठीही मोटारसायकल काढावी लागते. पेट्रोल जळते आणि आजीबाईंचे चालणे सुटते. गुडघे आखडण्यास तेवढे पुरते.

डिसेंबर 2020 मध्ये राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यानुसार 4000 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. वृक्षलागवड व पर्जन्यजल संधारणाच्याही तरतुदी आहेत. झाडांखालची जमीन कमी तापते, भोवतालच्या घरांचा एसी कमी चालतो आणि तेवढा कोळसा वाचतो. नकाशावरची ही जागा प्रत्यक्षात पुष्कळदा बाभळी आणि राडारोड्याने भरलेली असते.

आपल्या कॉलनीचा मंजूर नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागात पाहता येतो. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की मुदतीत लेखी हरकत व सूचना देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. निवृत्तांइतका वेळ आणि सुवाच्य अक्षर आणखी कोणाकडे असणार?

माझ्या एका ऐंशीच्या घरातील रुग्णाने असाच अर्ज केला. जागा साफ झाली, सात कडुनिंब लागले. पाणी घालण्याच्या पाळ्या त्यांनीच वाटल्या. रविवार माझ्याकडे आहे.