पहिली पटकथा : डोळ्यांना दिसेल तेच लिहा

रत्नागिरी जिल्ह्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. तिचे वडील वीस वर्षे कुवेतला नोकरीला होते. आता कायमचे परतले आहेत, पण घरात पाहुण्यासारखे वावरतात. यावर तिने लघुपटाची पटकथा लिहायला घेतली असून पहिली चार पाने पाठवली आहेत. "काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही," असे ती लिहिते.

बेटी, चूक एकच आहे आणि पहिल्यांदा पटकथा लिहिणारे बहुतेक जण ती करतात. तू लिहिलेस, 'अब्बांना फार परके वाटत होते.' कथेत हे वाक्य चालेल. कॅमेरा मात्र मनात शिरू शकत नाही. दिग्दर्शक विचारील, मी दाखवू काय?

उत्तर तुझ्याच पत्रात आहे. सकाळी अब्बा चहा करायला गेले आणि साखरेसाठी त्यांनी एकामागून एक चार डबे उघडले. अम्मीने काही न बोलता पाचवा डबा पुढे सरकवला. हा झाला सीन! स्वतःच्याच घरात साखर कुठे असते हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे परकेपण वेगळे सांगावे लागत नाही.

'गर्म हवा' (1973) जरूर पाहा. इस्मत चुगताई यांच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा जैदी यांनी त्याची पटकथा लिहिली. फाळणीनंतर आग्र्याच्या मिर्झा कुटुंबाला हवेली सोडावी लागते. निघायच्या वेळी म्हातारी आई घरातच लपून बसते. तिथे लांबलचक भाषणाची गरजच उरत नाही.

आता कामाच्या गोष्टी. प्रत्येक सीनच्या वर आत की बाहेर, जागा कोणती, दिवस की रात्र, एवढे लिही. पुढचे सारे वर्तमानकाळात. साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट. दहा मिनिटांच्या लघुपटाला दहा पाने पुष्कळ झाली. संवाद मोठ्याने वाचून पाहा. अम्मी घरात जशी बोलते तशीच पटकथेत बोलू दे. पटकथा कुणाच्या हाती देण्यापूर्वी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये तिची नोंदणी कर. कायद्याचे संरक्षण नुसत्या कल्पनेला मिळत नाही, लिहिलेल्या मजकुराला मिळते.

शेवटी तू विचारतेस, "अब्बांना राग आला तर?" मग पटकथा पुरी झाली की सर्वांत आधी त्यांनाच वाचून दाखव. 'असं नव्हतं' असे ते जिथे म्हणतील, तिथे वही मिटून ऐकत बस. वीस वर्षांत जे बोलायचे राहिले, ते कदाचित तिथेच निघेल. त्यातले जे लोकांपुढे यायला नको असे त्यांना वाटेल, ते गाळून टाक. पटकथा पुन्हा लिहिता येते.