कुंपण आणि पारिजातक

कुंपण घालावे असे आमच्या घरात कुणाला वाटले, तर ते मागच्या मोकळ्या प्लॉटमधल्या डुकरांमुळे. सौभाग्यवतींनी हौसेने लावलेला अळू त्यांनी एका रात्रीत मुळासकट उपसला, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या कपाबरोबर माझ्यासमोर प्रश्न आला, "तुम्ही या घराचे मालक आहात की नाही?"

तसे कुंपण आम्हाला नव्हते असे नाही. १९९६ साली नाशिकला हे घर बांधले तेव्हा शेजारच्या अण्णांनी आणि मी मिळून कडू मेंदीची कलमे लावली होती. मेंदी मोठी गुणी. पाला कडू, त्यामुळे शेळी तोंड लावत नाही. पण डुकराला पाला खायचाच नसतो. ते खालून घुसते.

तेव्हा तयार सिमेंटच्या फळ्यांचे कुंपण घ्यायचे ठरले. हा प्रकार आपण शहराबाहेर सगळीकडे पाहतो, पण होतो कसा हे मी मे महिन्यात अंगणात खुर्ची टाकून पाहिले. खांबांना दोन्ही अंगांनी खाच असते. दोन खांब उभे केले की वरून एकेक फळी त्या खाचेत सोडायची. फळी सात फूट लांब, फूटभर उंच, दोन इंच जाड. वजन सुमारे ८० किलो, म्हणजे दोघांचे काम. सहा फळ्या एकावर एक बसल्या की एक गाळा झाला. कोपऱ्याच्या खांबाच्या खाचा काटकोनात असतात, हे मला मुकादमाने दाखवले तेव्हा मी उगाच मान डोलावली.

खरी मेख जमिनीखाली. आमची माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि खांबाला हलवत बसते. म्हणून दोन फूट खोल खड्ड्यात तीच माती परत न भरता काँक्रीट घालायचे. अंतराच्या बाबतीत मुकादम टेपवर विसंबत नसे. एक खांब पक्का करायचा, फळी लावून दुसऱ्याची जागा ठरवायची, ओळंबा सोडायचा आणि मग पुढे. "साहेब, टेप चुकंल, फळी चुकायची नाही," तो म्हणाला.

डुकरे मागून येत होती. अण्णांच्या बाजूची मेंदी काढण्याचे काही कारण नव्हते. पण मुकादम म्हणाला, चारही बाजू एकदम घेतल्या तर दरात सूट देतो. आणि मलाही चौकोन पुरा झालेला बघायचा होता. अण्णांना सांगितले. ते म्हणाले, "घाला की. तुमची जागा आहे." एवढेच. मी ते होकारात धरले.

त्या मेंदीत एक खिंड होती. अण्णांच्या आई, म्हणजे माई, पहाटे परडी घेऊन तिथून यायच्या आणि आमच्या पारिजातकाची फुले वेचायच्या. दिवाळीची फराळाची ताटेही तिथूनच ये-जा करत. माई तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या, आणि मे महिन्यात पारिजातकाला फूल नसते. मला खिंड आठवलीसुद्धा नाही.

श्रावणात सडा पडू लागला. आठ दिवस तो तसाच पडून सुकला. माईंचे वय ८४. रस्त्याने वळसा घालून, आमच्या फाटकाच्या पायऱ्या चढून येणे त्यांना शक्य नव्हते. घरात कुणी मला काही बोलले नाही, हेच जास्त लागले. नवव्या दिवशी मी झाडाखाली उभा असताना फळ्यांच्या पलीकडून आवाज आला, "आज पडली का रे पुष्कळ?"

मी म्हणालो, "पडली, माई." पुढे काय बोलावे सुचेना. ओंजळभर फुले भिंतीवरून द्यायला गेलो, तर सहा फूट उंचीला माझे हात वर पुरले, पण खाली माईंचे कुठले पुरणार?

मागचा एक खांब पावसात कलला होता. मुकादमाच्या माणसाने कंटाळून तिथे काळी मातीच लोटली होती. तो सरळ करायला मुकादम आला, तेव्हा म्हटले, अण्णांच्या बाजूचा एक गाळाही काढून टाक. फळ्या खाचेतून वर उचलल्या की निघतात, ही या कुंपणाची सोय. मात्र आमच्या सांध्यांत सिमेंट भरलेले होते. पहारीने दोन फळ्या फुटल्या. मुकादम हसला नाही, पण त्याची माणसे हसली. गडबड ऐकून अण्णा आले आणि काही न विचारता फळीचे दुसरे टोक धरले.

सध्या तिथे बांबूची ताटी बांधली आहे, फाटक दिवाळीनंतर. उरलेल्या चार फळ्यांतल्या दोन अण्णांनी मागून नेल्या. पारिजातकाजवळ विटांवर ठेवून माईंना बसायला बाक करायचा म्हणतात. पारिजातक आमच्या अंगणात आहे, तेव्हा बाकही इकडेच येणार. जागा मोजायला ते काल संध्याकाळी आले होते. टेप आणला नव्हता.