चूल नवी घ्या, पण धुराड्याची

घरात गॅस आला, तरी पनवेलच्या वस्त्यांत आपण आंघोळीचे पाणी लाकडावरच तापवतो. टाकी पुरवायची असते. तो धूर आई आणि तिच्या कडेवरचे बाळ गिळते. त्याने दमा बळावतो, लहानग्यांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून आम्ही म्हणतो, नवी चूल घेताना केवळ लाकूड किती वाचते ते पाहू नका. धुराडे पत्र्याच्या वर निघते का, ते आधी पाहा. लाकूड सुके घाला. प्लास्टिक, रंगवलेल्या फळ्या नकोत. १४.२ किलोची टाकी एकदम झेपत नसेल, तर ५ किलोची मागा. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, जोडण्या मिळाल्या. आता टाकी पुन्हा भरणे परवडले पाहिजे, ही मागणी आपण सोडता कामा नये.